एकोणऐंशी

माझ्या वडिलांच्या किल्लीत तीनशे आठ अंक होते. त्यातले सात मी चुकीचे लिहून घेतले. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे वाचताना कुणी मला गुणी मुलगी वगैरे समजायला नको.

आप्पा, म्हणजे भूपाल मगदूम, शिरोळ तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत चौतीस वर्षं गुरुजी होते. गावातल्या दोन पिढ्यांना त्यांनी तीसपर्यंत पाढे पाठ करायला लावले. पावकी, निमकी, दिडकी पुस्तकांतून कधीच गेली होती, पण त्यांच्या वर्गात ती चालू होती. आपल्या एकुलत्या एका मुलीला मात्र त्यांनी जयसिंगपूरला इंग्रजी शाळेत घातलं. तेव्हा सगळेच गुरुजी घालत होते. आई चिडवायची, "लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण." आप्पा हसायचे आणि माझ्या वह्यांना कव्हरं घालत बसायचे.

मी पुण्यात नोकरीला लागले तसा रोज सकाळी सातला त्यांचा फोन यायचा.

"अनू, आज तारीख किती?"

"तेवीस."

"मूळ का संयुक्त?"

"मूळ, आप्पा."

"शाब्बास. बस खाली."

एक आणि ती स्वतः सोडून कशानेच भाग जात नाही ती मूळ संख्या, जाते ती संयुक्त. एवढ्यावर आमचं रोजचं बोलणं सुरू व्हायचं आणि बहुतेक वेळा एवढ्यावरच संपायचं. मी एकतीस वर्षांची झाले तरी ते मला फोनवरून खाली बसवत होते. मी वैतागायचे, आणि एखाद्या दिवशी फोन यायला पाच मिनिटं उशीर झाला तर घड्याळाकडे बघत बसायचे.

आई गेल्यानंतर दोन वर्षांनी, दोन हजार बेचाळीसच्या ऑगस्टमध्ये, एका सकाळी त्यांचा फोन तीनदा आला. तिन्ही वेळा त्यांनी तारीख विचारली. तिसऱ्या वेळी मी उत्तर दिलं आणि स्वयंपाकघरात खाली फरशीवर बसून रडले.

मिरजेच्या दवाखान्यात डॉक्टर तांबोळींनी डबी बसवायचा सल्ला दिला. कागदोपत्री तिचं नाव स्मृतिधारक, पण सगळे डबीच म्हणत. बोराएवढी वस्तू, कानामागे हाडात बसवतात. मेंदूत आठवणी लावून ठेवणारी जी जागा असते ती या आजारात आधी झिजते. त्या जागेचं काम डबी करते. माणूस समोर आलं की मेंदूत जे स्पंदन उठतं ते ती टिपते आणि पुन्हा ते माणूस दिसलं की तेच स्पंदन परत पुरवते. महिन्याभरात मेंदू तिच्यावर असा रेलतो की आपलं कुठलं आणि तिचं कुठलं हे त्यालाही कळत नाही.

"म्हणजे माझी बायको आता या डबीत," आप्पा म्हणाले.

"आणि मुलगीही," डॉक्टर म्हणाल्या.

"मग कुलूप चांगलं पाहिजे की."

कुलपाची गोष्ट खरीच होती. आदल्या वर्षी कुणीतरी एका म्हाताऱ्याच्या डबीत शिरून त्याच्या आठवणीतून त्याचा एक मुलगाच काढून टाकला होता. मुलगा दारात उभा आणि बाप विचारतोय, कोण पाहिजे? त्यानंतर कायदा आला. प्रत्येक डबीला स्वतःची एक संख्या. आप्पांची सहाशे सोळा अंकी होती, आणि ती गुप्त नव्हती. त्यांच्या दवाखान्याच्या कार्डावर बारीक अक्षरांत चक्क छापलेली होती.

कारण गुपित त्या संख्येत नव्हतं, तिच्या पोटात होतं. दोन मोठ्या मूळ संख्या घ्यायच्या, प्रत्येकी तीनशे आठ अंकी, आणि त्यांचा गुणाकार करायचा. साधा संगणक तो पापणी लवायच्या आत करतो. पण गुणाकार हातात देऊन, याचे दोन अवयव कोणते ते सांग, म्हटलं की भलेभले हात टेकतात. गव्हाचं पीठ होतं, पिठाचे गहू होत नाहीत. फोड करू शकणारं एक यंत्र देशात होतं, पण त्यालाही एवढ्या संख्येला चाळीस दिवस लागत, शिवाय त्याच्यापुढे भली मोठी रांग होती. ज्याला दोनपैकी एक अवयव ठाऊक त्याचीच डबी. त्या अवयवाला किल्ली म्हणत.

लोक किल्ली पत्र्यावर कोरून घेत आणि देवघरात किंवा लॉकरमध्ये ठेवत. डॉक्टरांनी आप्पांपुढे असा पत्रा ठेवला. त्यांनी तो चार दिवस घरी नेला आणि पाचव्या दिवशी परत आणून दिला.

"मोडून टाका. पाठ झाला."

"गुरुजी, तीनशे आठ अंक आहेत. आणि तुमचा आजार विसरण्याचा आहे."

"लिहिलेलं हरवतं, बाई. पाठ केलेलं हरवत नाही."

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी हसले. विसराळू माणसाचा तो हट्ट मला तेव्हा गोड वाटला होता.

त्यांनी दोन-दोन अंकांच्या जोड्या केल्या होत्या. एकशे चोपन्न जोड्या, पाढ्याच्या चालीवर. सकाळी आंघोळ झाली की णमोकार मंत्र, आणि त्याला जोडूनच, "त्र्याऐंशी, सदतीस, शून्य चार, एकोणसाठ..." समईच्या उजेडात डोळे मिटून, मांडीवर बोटांनी ताल धरत. देवाला काय वाटत असेल, असं मी विचारलं तर म्हणाले, "देवाला काय, मूळ संख्या आवडत असणार. त्याच्यासारखीच ती. तिला कोण भागणार?"

डॉक्टरांनी मला बजावलं होतं, किल्ली निदान आणखी एका माणसाला माहीत हवी. म्हणून दिवाळीच्या सुट्टीत मी आप्पांसमोर दोनशे पानी वही घेऊन बसले. फोनवर रेकॉर्ड करू द्यायला ते तयार नव्हते. यंत्राची किल्ली यंत्राला सांगायची नाही, हे त्यांचं तत्त्व. मग तीन दुपारी त्यांनी सांगितलं आणि मी लिहिलं.

आता माझं पाप. पन्नासपर्यंतचे मराठी आकडे मला लहानपणी कानावर पडून येत होते. त्यापुढचे येत नव्हते. इंग्रजी शाळेतून आलेल्या आम्हा सगळ्यांचं तिथेच घोडं अडतं. भाजीवाला अडुसष्ट म्हणाला की आम्ही मोबाइलचा पडदा पुढे करतो. पण त्या दुपारी माझ्यासमोर मगदूम गुरुजी बसले होते. त्यांना कसं विचारणार, आप्पा, एकोणऐंशी म्हणजे किती? त्यांनी चौतीस वर्षं गावाच्या पोरांना हेच शिकवलं होतं. विचारलं असतं तर ते रागावले नसते. नुसते गप्प झाले असते, आणि ते मला नको होतं.

मग मी आपलं डोकं चालवलं. बासष्ट म्हणजे दोन आणि साठ. चौऱ्याऐंशी म्हणजे चार आणि ऐंशी. पुढे एकक, मागे दशक. एकोणीस म्हणजे नाइनटीन, तेव्हा एकोण म्हणजे नऊ. एकोणतीस, एकोणचाळीस नुसते कानाने येत होते, ते फोडून बघायचं सुचलंच नाही. मग एकोणऐंशी? नऊ आणि ऐंशी. मी ठसठशीत अक्षरात ८९ लिहिलं आणि स्वतःवर खूश झाले.

वही पुरी झाली तेव्हा आप्पा म्हणाले, "भागून बघ एकदा. गणित केलं की ताळा करायचा."

कार्डावरच्या संख्येला वहीतल्या संख्येने भागायचं. बाकी उरली नाही की किल्ली बरोबर. संगणकावर एका क्षणाचं काम. मी म्हणाले, पुण्याला गेल्यावर करते. पुण्यात मी लिफ्टच्या कंपन्यांची सॉफ्टवेअर तपासते, दुसऱ्यांच्या चुका शोधण्याचा मला पगार मिळतो. वही कपाटात ठेवली ती तिथेच राहिली.

त्रेचाळीसच्या मार्चमध्ये आप्पा अंगणात पाय घसरून पडले आणि डोकं तुळशीकट्ट्यावर आपटलं. हाड शाबूत राहिलं, पण एवढा धक्का बसला की डबी स्वतःला कुलूप लावून घेते. कुणी ती जबरदस्तीने काढतंय असं तिला वाटतं. मी मिरजेला पोचले तेव्हा ते पलंगावर बसून चादरीची कड चिमटीत धरून सारखी करत होते.

"आप्पा."

त्यांनी मान वर केली. "डॉक्टर आत हायत," म्हणाले, आणि पुन्हा चादर नीट करायला लागले.

मी वही डॉक्टर तांबोळींच्या हातात दिली. त्यांनी अंक यंत्रात भरले. आम्ही दोघींनी ते दोनदा ताडून पाहिले. यंत्राने भागाकार केला आणि पडद्यावर लांबलचक बाकी उमटली.

"एखादा अंक चुकला असेल," डॉक्टर म्हणाल्या. "घाबरू नका. एक चूक शोधायला दोन हजार सातशे बहात्तर संख्या तपासायच्या, झालं."

त्या तपासल्या. नाही. दोन चुका धरल्या तर अडतीस लाख संख्या होतात, त्याही तपासल्या. तीन चुकांना साडेतीन अब्ज. दवाखान्याच्या संगणकाला त्याला पुरता एक दिवस लागला.

"चार असतील तर?"

"जवळजवळ दोन वर्षं. त्याहून जास्त असतील तर विचारू नका." त्यांनी चष्मा काढला. "आणि अनुजाताई, आपल्याकडे सहा दिवस आहेत. त्यातले दोन गेले. बंद डबी आंधळेपणाने स्पंदनं सोडत राहते. त्यातून फिट येतात. सातव्या दिवसापासून मेंदूला कायमची इजा होते. तोवर उघडली नाही तर रिकामी करावी लागेल."

मी व्हरांड्यात बसून वहीतल्या अंकांची बेरीज केली. हे आप्पांनीच शिकवलेलं, अंकांच्या बेरजेला तीनने भाग गेला तर संख्येलाही जातो. बेरीज आली एक हजार तीनशे अठ्ठ्याण्णव. त्याला तीनने पूर्ण भाग जातो. म्हणजे मी जी संख्या चार महिने कपाटात जपून ठेवली होती ती मूळसुद्धा नव्हती. दुसरीतल्या पोराने हे मला दिवाळीतच सांगितलं असतं.

मग मी आप्पांना विचारत सुटले. किल्ली सांगा. तो आकडा सांगा, आप्पा, रोज म्हणायचात तो. ते माझ्याकडे परक्या बाईकडे बघावं तसे सभ्यपणे बघत. मी वही त्यांच्यापुढे धरली. मी वाचून दाखवलं, फोन नंबर सांगतात तसं, "एट थ्री, थ्री सेव्हन, झीरो फोर..." त्यांनी दुसरीकडे तोंड फिरवलं. मी हात जोडले. मग ओरडले. तेव्हा ते घाबरून भिंतीकडे सरकले, आणि नर्सने मला बाहेर काढलं.

चौथ्या दिवशी एक फिट आली. पाचव्या दिवशी दोन. सहाव्या दिवशी सकाळी नऊच्या आत तीन आल्या, आणि तिसरीत त्यांनी जीभ चावून घेतली.

"रिकामी केली की काय राहील?" मी विचारलं.

"फिट थांबतील. जुनं, हाताला आणि जिभेला बसलेलं असतं ते राहतं. चूळ भरणं, चपला घालणं, तसलं. माणसं राहणार नाहीत. तुमच्या आई नाहीत, तुम्ही नाही. नवीन भरता येईल थोडंफार, पण ते तुमची ओळख करून दिल्यासारखं असेल."

जगात मला लहानपणापासून ओळखणारं ते एकच माणूस उरलं होतं. मला गोवर कधी आला, मी पहिल्यांदा चालले ते कुठल्या खोलीत, हे सगळं त्या बोराएवढ्या डबीत होतं, आणि मी तिची किल्ली चुकीची लिहून घेतली होती. संमतीपत्रावर रुग्णाशी नातं अशी एक ओळ होती. तिथे मी मुलगी असं लिहिलं. सही एका झटक्यात झाली, त्याचाच मला नंतर राग आला.

अकरा वाजून वीस मिनिटांनी डबी रिकामी झाली. मला खाली खिडकीवरून कागद आणायला पाठवलं. टोकन मिळालं, ७९. आकड्यांचा पडदा बंद पडला होता, म्हणून एक मावशी स्टुलावर बसून हाका मारत होत्या. मी भिंतीला टेकून बसले. अठ्ठ्याहत्तर झालं असावं, मला कळलं नाही. मग त्या बराच वेळ काहीतरी ओरडत राहिल्या, कुणी उठेना, मग त्या ऐंशी म्हणाल्या. ऐंशी मला कळलं. मी उठून गेले.

"मावशी, माझा नंबर राहिला. सेव्हंटी नाइन."

"आता गं! चारदा बोंबललो की मी. एकोणऐंशी, एकोणऐंशी!"

"तो एटी नाइन ना?"

मावशींनी माझ्या हातातलं टोकन घेतलं, त्यावर बोट ठेवलं आणि शेजारच्या बाईकडे बघून हसल्या. "ऐंशीला एक कमी, ते एकोणऐंशी. एवढी शिकलेली दिसतीस आणि एवढं येत न्हाई व्हय?"

मला पहिल्यांदा काहीच वाटलं नाही. मग वहीतलं ते ठसठशीत ८९ आठवलं. मी टोकन तिथेच टाकून जिने चढले. वर डॉक्टर तांबोळी हात धूत होत्या.

"थांबवा," मी म्हणाले.

"काय थांबवू?" त्यांनी विचारलं, आणि माझं तोंड बघून नळ बंद केला.

तरीही मी बसले आणि ते केलं. एकोण म्हणजे एक उणे. वहीतले दोन ६९ खोडून ५९ केले. एक ७९ होता, त्याचा ६९. तीन ८९, त्यांचे ७९. ९९ तीन ठिकाणी होते. नव्याण्णव मला तेव्हाही येत होतं, म्हणजे त्यातले काही खरे, काही एकोणनव्वद. आठच शक्यता. पाचव्या शक्यतेला भागाकार पुरा झाला आणि बाकी काही उरली नाही. सात चुका. अंकांची बेरीज बरोबर सातने उतरली होती. इतकी स्वच्छ, इतकी निर्दोष संख्या मी आयुष्यात पाहिली नव्हती, आणि ती आता कशाचीच किल्ली नव्हती. डॉक्टर माझ्या पाठीमागे उभ्या होत्या.

दुपारी मी आप्पांच्या पलंगाशेजारी स्टूल ओढून बसले. फिट थांबल्या होत्या. त्यांना मऊ भात भरवून झाला होता, आणि ते हनुवटीवर लागलेलं शीत बोटाने शोधत होते. मला माफी मागायची होती. पण ज्याला मी कोण हेच ठाऊक नाही त्याची माफी कशी मागतात, हे मला येत नव्हतं. म्हणून मी वही उघडली. निदान एकदा तरी ती त्यांच्यासारखी, मराठीत वाचावी एवढंच मनात होतं.

"त्र्याऐंशी," मी म्हणाले.

"सदतीस," आप्पा म्हणाले.

मी वर पाहिलं. त्यांनी डोळे मिटले होते. उजव्या हाताची बोटं मांडीवर पडायला लागली होती.

"शून्य चार. एकोणसाठ..."

आणि ते म्हणत गेले. पाढ्याच्या चालीवर, कुठे न अडखळता, चावलेल्या जिभेने जड बोलत. मी वहीतल्या ओळींवरून बोट फिरवत होते. खोडलेल्या सातही जागा आल्या आणि सातही वेळा ते माझ्या खाडाखोडीवरून नीट पुढे गेले. किल्ली डबीत कधी नव्हतीच. पाढे जिथे असतात तिथे, जिभेत, ती सहाही दिवस होती. ते मला सांगत होते, हरवत नाही म्हणून. डॉक्टरांनीही सकाळी तेच सांगितलं होतं. मी हात जोडले, ओरडले, इंग्रजीत अंक वाचले. त्यांना फक्त पहिला आकडा त्यांच्या भाषेत हवा होता.

"...एकोणऐंशी, अकरा, सत्तावन्न."

एकशे चोपन्न जोड्या झाल्या. त्यांनी डोळे उघडले आणि माझ्याकडे, माझ्या वहीकडे पाहिलं. वर्गात नवीन आलेल्या पोरीकडे बघावं तसं.

"लिहिलंस का सगळं?"

"लिहिलं."

"कुणाची गं तू?"

"मगदूम गुरुजींची," मी म्हणाले.

त्यांनी ते नाव थोडा वेळ आठवून पाहिलं. ओळखीचं काही सापडलं नाही बहुतेक. पण गुरुजी हा शब्द कळला असावा, कारण ते जरा ताठ बसले.

"गुरुजींची पोरगी व्हय. मग तुला यायलाच पाहिजे. सांग बघू, एकोणऐंशी म्हणजे किती?"

मी उभी राहिले.

"ऐंशीला एक कमी, आप्पा."

"शाब्बास," ते म्हणाले. "बस खाली."